परचुऱ्यांचा डावा बूट

इंग्लंडात डॉक्टर सर्जन झाला की त्याचा ‘मिस्टर’ होतो, अशी तिथली जुनी रीत. पद्माकर परचुरे ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात तेवीस वर्षं हाडं जोडत होते, आणि गोऱ्या पेशंटनं ‘मिस्टर परचुरे’ म्हटलं की त्यांची मान ताठ व्हायची. मराठी माणसानं मात्र मिस्टर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मराठी माणसानं ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचं. आणि हाताखालच्यानं नुसतं ‘सर’, तेही दर वाक्याला एकदा.

गिरीश गायकवाड हाताखालचा होता.

२००६ चा मे महिना. महिन्यापूर्वीच सरकारनं नियम फिरवला होता. बाहेरून आलेल्या डॉक्टरला आता परमिट लागणार, आणि ते देण्याआधी हॉस्पिटलनं दाखवायचं, की बाबांनो, इथला किंवा युरोपातला कुणी मिळाला नाही म्हणून हा घेतोय. ज्यांना हाका मारमारून बोलावलं त्यांना आता दाराकडे बोट. परचुरे त्र्याऐंशी साली आले तेव्हा हॉस्पिटलवाले जवळजवळ विमानतळावरूनच उचलून नेत होते. पण ते सांगायचे, “आमच्या वेळी मेरिट होतं रे, मेरिट.”

गिरीशची नोकरी जुलैअखेर संपत होती. साठ-पासष्ट अर्ज केल्यावर उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलानं त्याला घ्यायची तयारी दाखवली, परमिटसुद्धा आम्हीच काढू म्हणाले. अट एकच. आत्ताच्या साहेबांचा रेफरन्स हवा. दोन पानी फॉर्म, खाली शाईची सही, फॅक्स चालणार नाही, शुक्रवारच्या आत पोचला पाहिजे. नाही पोचला तर गिरीश आणि मनीषानं सामान बांधायचं आणि उदगीरला जाऊन सांगायचं, आलो परत.

तो फॉर्म तीन आठवडे परचुऱ्यांच्या बॅगेत होता. गिरीशनं आठवण करायची, साहेबांनी कपाळावर हात मारायचा, “अरे हो, राहिलंच,” आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचं. बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सरकारी सुट्टीच्या, आदल्या गुरुवारी मात्र ते प्रेमानं म्हणाले, “तू असं कर, आमच्याबरोबर वेल्सला ये. बायकोला घेऊन ये. कॅम्पिंग आहे आपल्या मराठी मंडळाचं. तिथे निवांत बसून भरू तुझा फॉर्म. मंगळवारी सकाळी मी पुण्याला चाललोय तीन आठवडे, त्याच्या आत उरकून टाकू.”

निवांत! परचुऱ्यांनी सहलीचा कार्यक्रम छापून त्याला प्लास्टिकचं आवरण चढवलं होतं. ‘संपूर्ण वेल्स दर्शन.’ दक्षिण, मध्य, पश्चिम किनारा, उत्तर. चार विभाग, तीन दिवस, एकवीस पॉइंट. पॉइंट म्हणजे महाबळेश्वरात असतात तसे. गाडी थांबली, सगळे उतरले, फोटो, “हे अगदी आपल्या आंबोलीसारखं,” पुन्हा गाडीत. ब्रेकन बीकन्सचे डोंगर ताम्हिणीसारखे निघाले. ॲबरिस्टविथचा किनारा हर्णैसारखा. एवढा देश पालथा घातला, पण वेल्ससारखं काही म्हणून या लोकांना दिसलं नाही. एका धबधब्यापाशी परचुरे गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली केली, म्हणाले, “बघितला. चला.”

तंबू रोज सकाळी मोडायचे, संध्याकाळी नव्या विभागात उभे करायचे. ते काम गिरीश आणि संजयकडे. संजय बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरवाला. त्याला परचुऱ्यांकडून काही नको होतं, त्याचा पासपोर्टही एव्हाना लाल, म्हणजे ब्रिटिश झाला होता. तरी तो सगळ्यांच्या आधी वाकायचा. सवयीला कारण लागत नाही.

पहिल्या दिवशी गिरीश खुंट्या ठोकत असताना परचुरे चहाचा मग घेऊन शेजारी उभे राहिले.

“गायकवाड म्हणजे बडोद्याचे का रे तुम्ही?”

“नाही सर. उदगीरचे.”

“ते झालं रे. पण मूळचे?”

“मूळचेही उदगीरचेच, सर.”

“वडील?”

“एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, सर.”

“अस्सं,” परचुरे म्हणाले. त्या ‘अस्सं’मध्ये जे होतं ते गिरीशला शाळेपासून पाठ होतं. हाच प्रश्न त्यांनी गेल्या वर्षभरात चौथ्यांदा विचारला होता. उत्तर लक्षात राहत नव्हतं असं नाही. हवं ते उत्तर मिळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळी स्नोडन या वेल्सच्या सगळ्यात उंच डोंगराच्या पायथ्याजवळ एका शेतावर पोचली. शेताची मालकीण सत्तरीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली बाई. तिच्या पायात एक काळंपांढरं कुत्र्याचं पिल्लू घोटाळत होतं. तिनं नळ कुठे, कचरा कुठे ते दाखवलं आणि जाताना गिरीशला म्हणाली, “बूट तंबूच्या आत घ्या बरं. हा चोर आहे.”

गिरीशनं ते तसंच्या तसं सांगितलं. सुमेधाताई, म्हणजे परचुऱ्यांची बायको, मोठ्या तंबूत उदबत्ती लावत होत्या. सोबत आणलेला छोटा चांदीचा गणपती त्यांनी आइसबॉक्सवर मांडला होता.

“आत?” त्या म्हणाल्या. “देव मांडलाय मी.”

परचुरे म्हणाले, “तंबू म्हणजे आपलं घर. घरात आपण जोडे घालून शिरत नाही. या लोकांची कुत्री सोफ्यावर झोपतात, हे आपल्याला काय शिकवणार!”

संजय हसला. सगळ्यांचे जोडे तंबूच्या दाराशी ओळीनं लागले, एखाद्या कार्यालयाबाहेर लागतात तसे. पहिला मान परचुऱ्यांच्या बुटांना. खास या सहलीसाठी घेतलेले, जाड कातडी, पितळी कड्यांचे, अजून कोऱ्या बुटाचा वास मारणारे.

गिरीशनं आपले बूट गुपचूप पिशवीत घातले आणि उशाखाली घेऊन झोपला. कॉलेजच्या होस्टेलात खोलीबाहेर ठेवलेला जोडा सकाळी दिसेल याची खात्री नसे. मनीषा त्याच्याच वर्गातली. तिनं पाहिलं. आपलेही बूट तिनं त्याच पिशवीत सारले.

सकाळी परचुऱ्यांच्या आवाजानं अख्खं शेत जागं झालं.

“माझा बूट! माझा डावा बूट कुठाय?”

बाकी सगळ्यांचे स्पोर्ट्‌स शूज जागच्या जागी होते. त्या पिल्लालाही मानपान कळत असावा. त्यानं ओळीतला सगळ्यात महाग बूट निवडला होता. परचुऱ्यांची सतरा वर्षांची मुलगी वरदा डोळे चोळत बाहेर आली. “बाबा, तुझा बूट गेली?” ती म्हणाली आणि हसू दाबायला पुन्हा आत पळाली.

शेत धुंडाळलं, ओढा पाहिला, मेंढ्यांच्या गोठ्यात डोकावून झालं. बूट नाही. आणि आज तर सहलीचा कळस होता, पॉइंट नंबर वीस. स्नोडनच्या माथ्यावर मंडळाचा बॅनर धरून परचुरे मध्यभागी, असा फोटो मंडळाच्या दिवाळी अंकाच्या कव्हरवर जायचा होता. कव्हरही ठरलं होतं, मथळाही ठरला होता. बॅगेत त्यांच्याकडे निळ्या रबरी सपाता होत्या फक्त.

परचुऱ्यांनी आधी संजयकडे पाहिलं, मग संजयच्या पायांकडे. होडीएवढे पाय त्याचे.

“तुझा नंबर किती रे?”

“सात, सर,” संजय पापणी न हलवता म्हणाला.

“गिरीश, तुझा?”

आता इथे संजयसारखंच खोटं बोलायला काय हरकत होती? पाच म्हण, तेरा म्हण. पण गिरीशच्या जिभेला साहेबांसमोर खरं बोलायची खोड. “आठ, सर.”

“माझा नऊ. चालेल. कातडं सैल होतं चालून चालून.”

हे वाक्य एका हाडांच्या सर्जननं उच्चारलं. जो दर मंगळवारी क्लिनिकमध्ये बायकांना ओरडतो, की बाई, अंगठा वाकडा झालाय तो तुमच्या तोकड्या बुटांनी, पायापेक्षा बूट लहान घालणं म्हणजे आपल्या हातानं आपलं हाड मोडणं. ते तत्त्वज्ञान ब्रिस्टललाच राहिलं होतं.

गिरीशनं पिशवी आणून दिली. सुमेधाताईंनी पाहिलं, ती कुठून निघाली ते. “अगंबाई, पायताण उशाशी?” त्या पुटपुटल्या. ज्यांचे दाराशी होते त्यांचं काय झालं, हे विचारायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

परचुऱ्यांनी पाय कोंबले, चेहरा किंचित वाकडा केला, सरळ केला. मग बॅगेतून फॉर्म काढून गिरीशच्या हातात ठेवला. त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डाग.

“तू तसाही आता येऊ शकत नाहीस. तर हा भरून टाक तूच. माझ्या वतीनं. तुझं तुला चांगलं माहीत. संध्याकाळी सही ठोकतो. आणि तंबू आवरून ठेव, आल्या आल्या निघायचंय.”

गाड्या गेल्या. गिरीश साहेबांच्या रबरी सपाता घालून चिखलात उभा राहिला. मनीषा गेली नव्हती. तिला कुणी ये म्हटलंही नव्हतं.

“संजयला जमलं,” ती म्हणाली. “तुला का नाही जमत रे?”

“सही हवीय मनीषा.”

“सही हवीय म्हणून तंबू ठोकलेस. सही हवीय म्हणून त्याच्या गाडीत गॅस सिलेंडर मांडीवर घेऊन बसलास दीडशे मैल. आता पायातले काढून दिलेस. उद्या पाय दे म्हणाला तर?”

“पाय त्यांचा विषयच आहे,” गिरीश म्हणाला. ती हसली नाही.

त्यानं तंबू मोडले, गुंडाळले, खुंट्या मोजून पिशवीत भरल्या. मग घडीच्या टेबलाशी बसून फॉर्म उघडला. उमेदवाराला किती काळ ओळखता. कामाचा दर्जा. पेशंटशी वागणूक. पहिल्यांदा त्यानं तेच लिहायचं ठरवलं जे सगळे लिहितात, अत्यंत मेहनती, अत्यंत नम्र. ‘नम्र’ शब्दाशी पेन थांबलं. मग त्यानं नुसतं जे झालं ते लिहिलं. किती ऑपरेशन्समध्ये मदत केली, किती स्वतः केली, ख्रिसमसच्या आठवड्यात सलग किती ड्युट्या केल्या. सगळं रजिस्टरात होतं आणि त्याला तोंडपाठ होतं. साहेबांना विचारलं असतं तर त्यातलं एकही सांगता आलं नसतं.

शेवटच्या पानावर एक चौकट होती. उमेदवारातले दोष. त्या चौकटीशी तो बराच वेळ बसला. मग एकदम दोन वाक्यं लिहिली आणि फॉर्म मिटला.

“काय लिहिलंस?” मनीषानं विचारलं.

“नंतर.”

तेवढ्यात मालकीण बाई आली. एका हातात पिल्लू बखोटीला धरलेलं, दुसऱ्या हातात परचुऱ्यांचा डावा बूट. जीभ गायब, टाच चावून मऊ केलेली, पितळी कडी एकच शिल्लक. “गवताच्या ढिगात पुरला होता ह्यानं,” ती म्हणाली. “सांगितलं होतं ना मी?” मग तिची नजर गिरीशच्या पायांकडे गेली, निळ्या सपातांकडे. ती नजर गिरीशला लागली. बखोटीला लटकलेलं पिल्लूसुद्धा त्याच्याकडे बघत होतं.

चार वाजता गाड्या परतल्या. आधी वरदा उतरली.

“पोचलात का टॉपला?” मनीषानं विचारलं.

“टॉप? नो वे. वरपर्यंतची ट्रेन फुल होती. बाबानं सांगितलं होता चालायचं, पण मग त्याला पेन झाली. आम्ही कॅफेपर्यंतच गेलो, मधल्या. तिथे फॉग होता ना, सो बाबा म्हणाला, इथेच काढू फोटो, फॉग सगळीकडे सेम असते.”

म्हणजे दिवाळी अंकाच्या कव्हरवर स्नोडनचा माथा म्हणून अर्ध्या वाटेवरच्या कॅफेमागचं धुकं येणार होतं. मथळा ठरलेलाच होता. तो बदलायची गरज नव्हती.

परचुऱ्यांना दोघांनी धरून गाडीबाहेर काढलं. घडीच्या खुर्चीत ते बसले तेव्हा ती कुरकुरली. दोन्ही पाय पुढे पसरले. पाय सुजून बुटांत असे बसले होते की बूट आणि पाय वेगळे ओळखू येईनात. लेस पावसानं भिजून गाठी दगड झालेल्या. सुमेधाताईंनी ओढून पाहिलं, तर परचुरे “आई गं” ओरडले. संजयनं ओढून पाहिलं, त्यालाच शिवी बसली.

“सर, फॉर्म भरलाय,” गिरीश म्हणाला.

“कसला फॉर्म! इथे जीव चाललाय माझा. पुण्याहून करतो फॅक्स.”

“फॅक्स चालत नाही, सर.”

“मग आल्यावर बघू. आधी हे काढ. ये, बस खाली. तुझेच बूट आहेत, तुला माहीत कसे निघतात.”

गिरीश चिखलात गुडघा टेकून बसला. साहेबांची उजवी टाच त्यानं दोन्ही हातांत धरली. सगळे भोवती उभे होते, सुमेधाताई, संजय, सहलीतली इतर दोन कुटुंबं, वरदा. मनीषा मागे गुंडाळलेल्या तंबूवर बसून बघत होती. टाच हातात तशीच ठेवून गिरीश क्षणभर थांबला. मग त्यानं ती हळूच खाली ठेवली, सदऱ्याच्या आतून फॉर्म काढला, ‘संपूर्ण वेल्स दर्शन’चा प्लास्टिकचा कागद त्याच्याखाली धरला आणि ते साहेबांच्या मांडीवर ठेवलं.

“आधी सही, सर.”

परचुरे हसले. आजूबाजूला पाहिलं, कुणी हसतंय का म्हणून. संजयनं तोंड उघडून मिटलं.

“आधी बूट काढ रे.”

“आधी सही.”

या वेळी त्यात ‘सर’ नव्हतं. ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

“धमकी देतोस मला? तुझ्यासारखे छप्पन्न आले माझ्या हाताखाली!”

“म्हणूनच तुम्हाला नाव आठवत नसेल. सहीच्या वर मी लिहिलंय. डॉक्टर गिरीश गायकवाड.”

“अहो, करून टाका ना,” सुमेधाताई कळवळून म्हणाल्या. “पाय बघा काय झालेत. एक सही तर करायचीय.”

“बाबा, पेन घे,” वरदानं पेन पुढे केलं. तिला एवढ्यात मजा वाटायला लागली होती.

परचुऱ्यांनी सही केली. वाचली नाही एक ओळसुद्धा. तेवीस वर्षांत हाताखालच्यानं लिहिलेलं वाचून त्यांनी सही केली नव्हती, आज काय करणार! फाडल्यासारखी सही केली आणि पेन चिखलात फेकलं.

गिरीशनं फॉर्म मनीषाकडे दिला. मग तंबूची एक बारीक खुंटी घेतली, तिचं टोक गाठीत घातलं आणि दोन मिनिटांत चारी गाठी मोकळ्या केल्या. हात सर्जनचा होता. बूट निघाले. टाचेवर रुपयाएवढा फोड फुटून लाल झाला होता. गिरीशनं औषधांच्या पेटीतून निर्जंतुक पाणी काढून जखम धुतली, पट्टी लावली, बोटांमध्ये कापूस दिला. यात काही कमी केलं नाही. मग उठून त्यानं तो चावलेला डावा बूट आणला आणि परचुऱ्यांच्या पायाशी ठेवला.

“हा तुमचा, सर. कुत्र्यानं परत दिला. काही लिहून घेतलं नाही.”

“एक फोन करायचा अवकाश आहे,” परचुरे दात चावून म्हणाले. “त्या हॉस्पिटलला एक फोन.”

“करा. नंबर फॉर्मच्या पहिल्याच ओळीत आहे. तीन आठवडे तुमच्याचकडे होता.”

“बरोबर आहे आमच्या वाडवडलांचं,” परचुरे सुमेधाताईंकडे पाहत मोठ्यांदा म्हणाले, “पायातली वहाण पायातच ठेवावी.”

गिरीश बुटांची लेस बांधत होता. त्याच्याच बुटांची. आत ओल होती आणि दुसऱ्याच्या पायाची ऊब. त्यानं गाठ घट्ट केली.

“अगदी बरोबर,” तो म्हणाला. “ज्याची त्याच्या पायात.”

पॉइंट नंबर एकवीस बाकी होता. तो बघायला गिरीश आणि मनीषा थांबले नाहीत. शेजारच्या गावापर्यंत मालकीण बाईनं आपल्या जुन्या जीपमधून सोडलं, तिथून बस मिळणार होती. पिल्लू मागच्या सीटवर मनीषाच्या बुटाची लेस चावत बसलं होतं. तिनं चावू दिली.

गावात दगडी भिंतीत बसवलेली एक लाल टपालपेटी होती. उत्तराचं पाकीट हॉस्पिटलनंच दिलं होतं. मनीषानं ते बंद करायच्या आधी फॉर्मचं शेवटचं पान उलगडलं आणि दोषांची चौकट वाचली.

‘वरिष्ठांपुढे गरजेपेक्षा जास्त वाकतो. प्रकृतीत सुधारणा आहे.’

खाली परचुऱ्यांची फाडल्यासारखी सही.

“वेडा आहेस तू,” ती म्हणाली. “हे वाचून घेतील तुला?”

“माहीत नाही.”

“आणि त्यानं खरंच फोन केला तर?”

“तेही माहीत नाही.”

तिनं थोडा विचार केला. मग जिभेनं पाकिटाची कड ओली केली, चिकटवली, पेटीच्या फटीत घातली आणि सोडून दिली. बँक हॉलिडे होता. पेटी उद्या सकाळपर्यंत उघडणार नव्हती, पण आत हात घालून पाकीट परतही काढता येणार नव्हतं. मनीषानं तरी फटीत दोन बोटं घालून पाहिली, नक्की पडलंय ना म्हणून.